तिजोरीतला हुंकार

सोमवारी दुपारी धाकटीच्या फोनमधल्या तिजोरीत आठ गुपितं होती. दोन वहिनीची, एक आईचं, एक बाबांचं, एक दवाखान्यातल्या बुलबुलताईचं आणि तीन तिची स्वतःची. आईचं आणि बाबांचं गुपित खरं म्हणजे एकच होतं. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून दोघंही एकमेकांपासून लपवून चहात साखर घालत होती, आणि डबा इतक्या लवकर कसा रिकामा होतो म्हणून दोघंही मुंग्यांना बोल लावत होती. पण सांगणारी माणसं दोन, म्हणून धाकटीनं गुपितंही दोन धरली. मोजायला बसलं की आपलं-परकं करू नये, एवढं तरी ती शास्त्रशाखेत शिकली होती.

तिजोरी म्हणजे एक ॲप. पासवर्डशिवाय ते उघडत नसे. चुकीचा पासवर्ड किती वेळा घातला गेला याची ते नोंद ठेवी आणि आतली प्रत्येक चीज किती वेळा उघडली तेही सांगे. इंटरनेटची परवानगी तिनं त्याला दिलीच नव्हती. घरात माणसं भरपूर, फोन जो तो उचलणार, आणि सगळ्यांची गुपितं येऊन पडणार हिच्याच पदरात. कुणाचं कुणापुढे बोलायचं नाही हे लक्षात ठेवायचं तर नोंद हवीच. "तुला सांगितलं की विहिरीत खडा टाकल्यासारखं," वहिनी म्हणे, "डुबुक झालं की संपलं!" या विहिरीला झाकण आणि झाकणाला कुलूप आहे, हे मात्र वहिनीला माहीत नव्हतं.

लिहून ठेवण्यात धोका होता, कारण वहिनीला उलटं धरलेलंही वाचता येई. म्हणून धाकटी गुपितं बोलून ठेवी. आणि बोलायला तिच्याकडे अशी जागा होती की कुणालाही हेवा वाटावा.

ती कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करी. तपासणीची खोली जेमतेम एका खुर्चीपुरती होती. भिंतींना राखाडी स्पंज, जाड काचेची दुहेरी खिडकी, आणि कडेनं रबर लावलेलं असं जड दार की सगळे त्या खोलीला 'फ्रीज'च म्हणत. दार लावलं की रस्त्यावरचे हॉर्न, बाहेर बसलेल्यांचा खोकला, बुलबुलताईचा आवाज, सगळं एकदम कापल्यासारखं थांबे. बुलबुलताई समोरच्या टेबलावर बसून नंबर देई. तिचा आवाज थांबवणारी भिंत ती खरी भिंत, असं मॅडम म्हणत. मॅडम म्हणजे दवाखान्याच्या मालकीणबाई. तीस वर्षं लोकांचे कान तपासून त्यांचा स्वतःचा आवाज गरजेपेक्षा एक पट्टी वर चढलेला होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत धाकटी फ्रीजमध्ये जाई, पासवर्ड घाली आणि फोन तोंडाशी धरून बोले.

त्या सोमवारी मात्र तिला नववं गुपित ठेवायचं होतं, आणि ते आठवडाभर तिच्या घशात अडकलं होतं.

दवाखान्याची एक रीत होती. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत मशीन बरोबर चालतंय का हे पाहायचं, आणि ते पाहायचं एका चांगल्या कानानं. ज्याचं ऐकणं ठणठणीत आहे अशा माणसानं हेडफोन घालायचा, सगळे सूर ऐकायचे, आणि आकडे रोजच्यासारखे आले की मशीन ठीक. तीन वर्षं तो कान धाकटीचा होता. आकडा जितका लहान तितका कान तिखट, आणि तिचा आकडा कायम पाच. मॅडम उशिरा येत, त्यामुळे तीच मशीन चालवी आणि तीच ऐके. स्वतःचा पेपर स्वतः तपासण्यात जे धोके असतात, ते सगळे यात होते.

मागच्या सोमवारी डाव्या कानात चार हजार हर्ट्झचा सूर, म्हणजे तो बारीक, पक्ष्यासारखा, तिला ऐकूच आला नाही. आवाज वाढवत नेला तेव्हा चाळीसला कुठे ऐकू आला. हेडफोन खराब असेल म्हणून तिनं तो उलटा घातला, डावा उजवीकडे. हेडफोनचा दोष असता तर तोही उजवीकडे गेला असता. दोष डावीकडेच राहिला. म्हणजे मशीन ठीक होतं आणि कान गेला होता.

तिनं वहीत पाच लिहिलं. दुसऱ्या दिवशीही पाचच.

हातचं काम सुटेल, मॅडम दुसरं माणूस बघतील, हे एक. पण त्याहून वाईट म्हणजे, आता मशीन खरोखर बिघडलं तरी कुणाला कळणार नव्हतं. ज्या कानावर सगळ्या पेशंटचे कान मोजायचे, तोच खोटं बोलत होता.

तर त्या दुपारी ती खुर्चीत बसली, तिजोरी उघडली, आणि नेमका तेवढ्यात वहिनीचा मेसेज आला: "अगं, दादासाठी सायकल कुठल्या रंगाची म्हणाले होते मी? दुकानदार विचारतोय. लवकर!" दादाच्या चाळिशीची भेट, हे वहिनीचं दुसरं गुपित. धाकटीनं ते लावलं.

"वहिनी दादाला सायकल देणार आहे," तिचाच आवाज म्हणाला.

"हं," कुणीतरी म्हणालं.

"निळी. दुकानात सांगून ठेवलंय."

"हं."

आवाज शांत होता, बाईचाही नव्हे आणि पुरुषाचाही नव्हे. गोष्ट ऐकणारा माणूस सांगणाऱ्याला हुंकार देतो ना, 'ऐकतोय, पुढे बोल' म्हणून, अगदी तसा.

तिनं आधी वहिनीला 'निळा' कळवलं. मग बाकीची सातही ऐकली. सगळ्यांत हुंकार होता. आईच्या साखरेला एक, बाबांच्या साखरेला जरा लांबलेला, हसू दाबल्यासारखा. चुकीचे पासवर्ड: शून्य. प्रत्येक गुपित आजपर्यंत एकदाच उघडलेलं, आत्ता, तिनंच.

नववं गुपित तसंच राहिलं. धाकटी घाबरली असती, पण तिला आधी कुतूहल वाटलं, आणि दोन्हीला एकदम जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं बुलबुलताईला फ्रीजमध्ये ओढलं आणि सायकलीचं गुपित ऐकवलं. बुलबुलताईनं ते पुन्हा एकदा लावायला लावलं. मग म्हणाली, "केवढा गुणी गं! आमच्या ह्यांनी लग्न झाल्यापासून मिळून एवढे हुंकार दिले नसतील."

"ताई, चेष्टा नको. कुठून येतोय हा आवाज?"

"ते मला काय विचारतेस? शिकलेली तू. मी नुसती नंबर देते."

मग दोघींनी प्रयोग केले. रिकाम्या फ्रीजमध्ये फोन एकटाच ठेवला: काही नाही. धाकटीनं मशीनच्या माहितीपुस्तकातलं पान वाचून रेकॉर्ड केलं: काही नाही. बुलबुलताईनं एक खोटं गुपित सांगितलं, की ती लहानपणी सर्कशीत तारेवर चालायची. काही नाही.

"आता खरं सांगा," धाकटी म्हणाली.

बुलबुलताईनं दार नीट लागलंय ना ते ढकलून पाहिलं. "सासूबाईंची काचेची बरणी मी फोडली. मांजरानं पाडली म्हणून सांगितलं."

"बरं."

"आमच्याकडे मांजर नाही."

धाकटीनं रेकॉर्डिंग लावलं. 'बरणी मी फोडली' याच्यामागून हुंकार आला. 'मांजर नाही' याच्यामागून आला तो हुंकार नव्हता. कुणीतरी नाकातून फुस्सकन हसलं होतं.

बुलबुलताई दार उघडून बाहेर गेली. थोड्या वेळानं डोकं आत घालून म्हणाली, "वाईट नाहीये हं ते. वाईट असतं तर हसलं नसतं." आणि नंबर पुकारायला निघून गेली. त्या दुपारी तिनं सगळे नंबर जरा मोठ्यानंच पुकारले.

बुधवारी धाकटी एकटी आत गेली. दार लावलं, पासवर्ड घातला आणि फोन तोंडाशी धरला.

"माझा एक कान जातोय," ती म्हणाली. "मशीन ठीक आहे. मी रोज खोटा आकडा लिहिते. मॅडमना सांगायला हवं आणि धीर होत नाही." पुढे काही सुचेना. ती जरा वेळ तशीच बसली आणि मग तिनं रेकॉर्डिंग थांबवलं.

ऐकताना तिला पहिल्या वाक्यामागे हुंकार ऐकू आला नाही. दुसऱ्यामागे नाही, तिसऱ्यामागेही नाही. एवढं सांगून आता ऐकणारा उठून गेला की काय, असं वाटून तिला चक्क वाईट वाटलं.

मग शेवटच्या शांततेत कुणीतरी विचारलं, "कुठला?"

खोलीतला स्पंज, काच, हुकाला अडकवलेलं पेशंटचं बटण, सगळं जागच्या जागी होतं. धाकटीनं दाराकडे पाहिलं. पण प्रश्न साधा होता. अगदी तिनं पेशंटला विचारावा तसा.

तिनं पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं. "डावा," ती म्हणाली. "चार हजारला."

लावून ऐकलं.

"हं," आवाज म्हणाला. आज तो डाव्या बाजूनं, फार जवळून आल्यासारखा वाटला. फोन तर तिच्या उजव्या हातात होता.

गुरुवारी सकाळी तिनं मशीनला हातच लावला नाही. पहिल्या पेशंटला बुलबुलताईनं गप्पांत अडकवून ठेवलं. मॅडम आल्या, पर्स ठेवली, आणि धाकटीनं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ॲपचं तेवढं सोडून.

"दहा दिवस?" मॅडम म्हणाल्या. बाहेरच्या पेशंटनं वळून पाहिलं असेल. "दहा दिवस खोटे पाच?"

"हो."

"अगं, कान काय, कुणाचाही जातो. माझाही जाईल. मी भरवसा ठेवला होता तो तुझ्या आकड्यावर."

"म्हणूनच सांगितलं, मॅडम."

"मग आजच कसा धीर आला?"

"कुणालातरी एकदा सांगून झालं होतं," धाकटी म्हणाली. "दुसऱ्यांदा सोपं गेलं."

मॅडमनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि दाराकडे बोट केलं. "बस आत. आज मी तपासते."

धाकटी खुर्चीत बसली. हेडफोन घातला, बटण हातात घेतलं. ऐकू आलं की बटण दाबायचं. दाबलं की बाहेर मॅडमच्या मशीनवर हिरवा दिवा लागतो. उजवा कान झाला. डावा सुरू झाला. ती डोळे मिटून त्या बारीक सुराची वाट पाहू लागली, येणार नाही अशा तयारीनं.

तो आला. स्वच्छ आला. मग कमी होऊन आला, आणखी कमी होऊन आला, आणि ती प्रत्येक वेळी बटण दाबत राहिली.

दार उघडून मॅडम म्हणाल्या, "पाच."

"शक्य नाही."

"माझ्या तोंडावर सांगतेस?" त्यांनी हेडफोन उलटा घालून पाहिला. पाच. कपाटातलं जुनं मशीन काढून, पुसून लावलं. पाच. "कानात मळ असेल, सुटला असेल," त्या म्हणाल्या. मळानं एकच सूर जात नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. पण मॅडमचा चेहरा उजळला होता आणि धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेव्हा मळावर वाद घालायला कुणी गेलं नाही.

"उद्यापासून तपासणी माझ्यासमोर," मॅडम म्हणाल्या. "कान तुझाच. वही माझी."

बुलबुलताईनं टाळ्या वाजवल्या, पेशंटलाही वाजवायला लावल्या, आणि त्यांना कशाबद्दल ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

धाकटीनं रोजचं मशीन पुन्हा जोडलं. फ्रीजमध्ये जाऊन हेडफोन खुर्चीवर ठेवला, बटण हुकाला अडकवलं, बाहेर येऊन दार लावलं.

जोडणी पाहायला मॅडमनी एक सूर सोडला.

हिरवा दिवा लागला.

"वायर ढिली असेल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. सूर न सोडता थांबून राहिल्या. दिवा लागला नाही. सूर सोडला. लागला.

मग त्यांनी लबाड पेशंटला पकडायची जुनी युक्ती केली. लांब थांबल्या, एकदम दोन सोडले, पुन्हा थांबल्या. दिवा दोनदाच लागला.

धाकटी काचेशी गेली. खुर्ची रिकामी होती. बटण हुकाला लटकत होतं, जराही हलत नव्हतं.

बुलबुलताई दारात येऊन उभी राहिली.

"सुरू केलंय तर पूर्ण करू," मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका हळू होता. "उजवा आधी. लिही."

धाकटीनं कागद ओढला.

उजवा कान. सगळे सूर: पाच.

डावा कान. पाचशे: पाच. हजार: पाच. दोन हजार: पाच.

चार हजार: चाळीस.