बोटं हलवून दाखवा

निरंजनला स्ट्रेचरवरून वॉर्डात आणलं, तेव्हा त्याच्या केसांत केळीच्या वाळक्या पानाचा तुकडा अडकला होता. फोपनार गावच्या मळ्यात केळीचे घड भरताना ट्रॉलीवरून पडून नडगीचं हाड मोडलेलं, तरी गडी हसत होता! सिस्टर ज्योत्स्नाने तो तुकडा अलगद काढला आणि प्लास्टर घातलेला पाय उशांवर उंच ठेवला.

"बोटं हलवून दाखवा."

"तुम्ही म्हणाल तर नाचूनही दाखवतो, सिस्टर."

"दुखतंय?"

"तुम्ही आलात की... बिलकुल नाही."

ती ओठ दाबून हसली. दिवसभर हेच चाललं – तिचा प्रश्न, त्याचं लाडिक उत्तर. संध्याकाळी मात्र बोटं तिच्या हाताला गार लागली. तिने पायाचा अंगठा हळूच वर ओढला, तर निरंजनला दरदरून घाम फुटला.

"खरं सांगा."

"दुपारपासून... सहनच होत नाहीये. मुंग्या येताहेत. पण तुमच्यासमोर रडकं तोंड कसं करू?"

"अशाने पाय जाईल, कळतंय का तुम्हाला?" ती धावतच डॉक्टरांना घेऊन आली. आत सूज वाढून रक्त अडत होतं. डॉक्टरांनी लगेच प्लास्टर उभं कापून सैल केलं. हळूहळू बोटांत ऊब परतली. ती बोटं हातात धरून बसलेल्या ज्योत्स्नाचे डोळे भरून आले. पेशंटपायी असं कधी झालं नव्हतं तिला...

त्यानंतर तो खोटं बोलला नाही. "आज ठणकतंय," "कुबडी काखेत रुततेय," असं लहान मुलासारखं सांगायचा. भार काखेवर नाही, हातांवर घ्यायचा, हे तिनेच शिकवलं. तो घरी गेला आणि ज्योत्स्नाला वॉर्ड सुना सुना वाटू लागला.

प्लास्टर निघालं त्या दिवशी तो काठी टेकत गेटपाशी उभा होता. तिची ड्यूटी संपायची वाट बघत.

"आता मी पेशंट नाही," तो अडखळला. "आई म्हणते, मुलीच्या घरी बोलू. मी म्हटलं, पहले तिला तर विचारू दे..."

ज्योत्स्नाचे गाल तापले. "नोकरी नाही सोडणार मी."

"सोडूच नका! रोज मोटारसायकलवर आणून सोडीन ना."

"गाडी चालवायला डॉक्टर हो म्हणालेत?"

"अजून... नाही."

तिने आपली स्कूटी चालू केली. "मग बसा मागे. बाबा आज घरीच आहेत."

निरंजन जपून बसला. हात कुठे ठेवावा, काही सुचेना.

"खांदा धरा," ती पुढे बघतच म्हणाली. "यापुढे पडलात, तर सांभाळायचं मलाच आहे ना!"