मनगटाचं माप

इंद्रजित आमच्या दारात पहिल्यांदा आला तो घसरतच. पत्ता चुकला होता बिचाऱ्याचा. निघाला होता वरच्या टेकाडावरच्या बंगल्याला रेलिंग बसवायला, आणि चढला आमच्या अठरा पायऱ्या. मी वरून ओरडले, "शेवाळ आहे, जपून—" तोवर साहेबांचा पाय गेलाच. मला त्या पायऱ्या पाठ. धावत जाऊन त्याचा दंड धरला नसता, तर थेट आमच्या भातखाचरात पोचला असता.

"ह्याला कठडा नाही?" धापा टाकत त्यानं पहिलं हेच विचारलं.

"नाही. पडणाऱ्यांना धरायला मी असते."

"मग सोयच आहे की," तो हसला. माझा हात अजून त्याच्या दंडावरच होता... दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. मी हात काढला खरा, पण काळीज काही जागेवर येईना.

कठडा आम्हाला हवाच होता. गेल्या वर्षी माझे वडील, आबा, याच पायऱ्यांवरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून इथं मुठा गावातच राहून स्वतःचं खाचर ते फक्त वरून बघायचे. आईनं लगेच काम ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी इंद्रजित टेप घेऊन हजर.

त्याची एक पद्धत होती. माणसाला पायरीवर उभं करायचं, हात सैल सोडायला सांगायचं आणि मनगटापर्यंतची उंची मोजायची. कठडा त्या उंचीचा.

"मी काय सदरा शिवाया टाकलाय व्हय?" आबा कुरकुरले, पण उभे राहिले.

मग तो माझ्याकडे वळला. "आता तुम्ही."

"माझं कशाला? मी तर पळत उतरते."

"घरातल्या सगळ्यांचं घ्यावं लागतं."

चक्क थाप. आई शेजारीच उभी होती, तिचं कुठं घेतलं? पण मी गुपचूप हात सोडून उभी राहिले. त्यानं मनगटाशी टेप धरली. बोटं किंचित टेकली... आणि दोन आकडे वाचायला गड्याला किती वेळ लागला म्हणून सांगू.

पुढचे चार दिवस वेल्डिंग. पाऊस आला की काम बंद, आणि मी चहा घेऊन हजर. पाऊस मला इतका कधीच आवडला नव्हता.

"ठिणग्यांकडे बघू नका, डोळे चुरचुरतील," तो म्हणायचा.

"मी ठिणग्यांकडे बघतच नाहीये," एकदा तोंडातून निघून गेलं. जीभ चावली, पण तोवर त्याच्या हातातली पक्कड खाली पडली होती.

पाचव्या दिवशी रंगही वाळला. काम संपलं. सकाळपासून मला घास गोड लागेना. आज हा गेला की परत कशाला येईल? त्याचं वर्कशॉप पौडला, तिथं मी कोणत्या तोंडानं जाणार? आज बोलायचंच, असं मी ठरवून टाकलं. पण आबा मध्ये उभे.

आबांनी कठडा धरला, एक पायरी उतरले आणि थांबले. खांदा पार कानापर्यंत चढला होता.

"हे माझ्या हाताला लई उंच हाय की रं."

इंद्रजितनं वही काढली, पान बघितलं आणि लालबुंद झाला. "चुकलं, आबा... दुसरंच माप लागलं."

"दुसरं? कुनाचं?"

मी मुकाट्यानं पायरीवर जाऊन हात सोडला. कठडा बरोब्बर मनगटाशी आला. मी आबांपेक्षा वीतभर उंच. आईनं तोंडाला पदर लावला.

"उद्या येऊन कापून खाली घेतो," तो पुटपुटला.

म्हणजे अजून एक दिवस. एकच.

"कापू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "हा राहू दे. आबांसाठी पलीकडच्या बाजूला दुसरा बसवा."

"आगं, लगीन झालं की तू जानार," आबा म्हणाले. "मग तुझ्या मापाचा कठडा हितं कशाला?"

"लागेल की, आबा," इंद्रजित भरकन बोलून गेला. "माहेरी येईल ना ती. मी घेऊन येईन—"

आणि त्यानं घाईघाईनं वही मिटली.

"म्हणजे... तिची मर्जी असेल तर."

"आहे," मी म्हणाले. इतक्या पटकन, की आईसुद्धा दचकली.

आबा त्याच्याकडे बघत राहिले. मुलगा मनात भरला नाही, तर आबा चहा पाजून वाटेला लावतात, हे मला माहीत होतं. सोयरीक मनात असेल, तरच पुढचा प्रश्न विचारतात.

"मामाचं गाव कंचं रं तुझं?"

इंद्रजितनं तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं.

"भूकूम, आबा. मी कधीच विचारून ठेवलंय."