अकरावी जागा रिकामी

सासूबाईंनी तिला बॅटरी घेऊन गच्चीवर पाठवलं, तेव्हा नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारची रात्र होती आणि गल्लीतली वीज जाऊन अर्धा तास झाला होता. वर मामा-मामी बसले होते. मामा म्हणजे सासूबाईंचे भाऊ, परवाच पाहुणे म्हणून आलेले. बॅटरी जपून वापरायची म्हणून ती अंधारातच जिना चढली. पायात चप्पल नव्हती.

"ये सूनबाई. शेवटची पायरी उंच आहे," वरून मामांचा आवाज आला.

ती अजून मधल्या वळणावर होती. सगळी हयात आवाज रेकॉर्ड करण्यात गेलेल्या माणसाचे कान तिखट असायचेच, असं तिने स्वतःला सांगितलं आणि वर गेली.

सतरंजीवर मामांच्या डाव्या हाताला मामी मटार सोलत होत्या. अंधारात मटार सोलायला डोळे लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दाणे पातेल्यात पडत होते, टप्, टप्. पलीकडे तिचा दीर लोळत होता. घरात त्याला भोंगा म्हणत, कारण त्याने हळू बोललेलं अजून कुणी ऐकलं नव्हतं. आणि कठड्याला टेकून तिचा नवरा बसला होता. ती दिसताच त्याने मोबाईल पालथा घातला.

हे पालथं घालणं आठवडाभर चाललं होतं. रात्री फोन वाजला की हा उठणार, पाण्याच्या टाकीमागे जाणार आणि कुजबुजत बोलणार. तिने कुणाला विचारलं नव्हतं. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. लग्नाला तीन महिने झाले होते. एवढ्यात नवऱ्यावर संशय घ्यायचा म्हणजे घाई होते, आणि नाही घ्यायचा म्हणजे झोप होत नाही.

मामांच्या उजव्या बाजूला तेवढी जागा रिकामी होती. ती तिथे बसली.

"मामा, भुताची गोष्ट सांगा," भोंगा म्हणाला. "पण खरी हं. गेल्या वेळी डुलकी लागली मला."

"तू घोरत होतास. आम्हाला वाटलं भूतच आलं," मामी म्हणाल्या.

मामा हसले नाहीत. त्यांनी एकदा भाच्याकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "खरी सांगतो. माझ्या धंद्यातला एक ओळखीचा होता. त्याची."

"ओळखीचा म्हणजे तुम्हीच ना?"

"ऐकायचंय की उलटतपासणी घ्यायचीय?"

मामा सांगू लागले.

त्या ओळखीच्याचं घर वर आणि रेकॉर्डिंगची खोली खाली. कामाला माणसं दोनच, तो आणि त्याची बायको. मिक्सरवर तो बसायचा, वायरी, माईक, गाणाऱ्यांची सरबराई ती बघायची. मिक्सर चांगला डिजिटल, पण त्याला माईक लागायचे सोळा. म्हणजे एका वेळी सोळाच आवाज वेगवेगळे टिपता यायचे. आणि काम आलं होतं मोठ्या समूहगानाचं. गाणारे नि वाजवणारे मिळून एकतीस, सगळे एकदम गाणार, आणि गाणं बसवणाऱ्याचा हट्ट असा की प्रत्येकाला आपला माईक हवा. एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळलेला चालणार नाही.

त्याला उपाय असतो. मिक्सरला एक जादा पेटी जोडायची. एकच केबल लागते, आणि सोळाच्या बत्तीस जागा होतात. नवी पेटी परवडेना, म्हणून हा जुनी शोधत निघाला. एका गल्लीत कुणीतरी आपली रेकॉर्डिंगची खोली बंद करून सामान विकत होता. पेटी झकास होती, ओरखडासुद्धा नाही.

"सोळाही जागा चालतात ना?" याने विचारलं.

"चालतात. पण अकरावी रिकामी ठेवा."

"खराब आहे?"

विकणारा पेटी पुसत राहिला. "खराब नाही हो. जरा जास्तच चांगली आहे."

याला वाटलं, माल खपवायची बडबड. पेटी काखोटीला मारली आणि आला. नाहीतरी माईक एकतीसच लागणार होते, एक जागा उरणारच होती. अकरावी सोडली. मिक्सरच्या हिशेबाने ती झाली सत्तावीस नंबरची.

"अमावस्या होती?" भोंग्याने विचारलं.

"डिसेंबरातला तिसरा गुरुवार, चांगलं लख्ख चांदणं होतं. भुतं काय कॅलेंडर बघून येतात?"

समूह दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्या संध्याकाळी दोघांनी मांडामांड केली. ती एकेका माईकसमोर जाऊन आकडा बोलायची, हा पडद्यावर बघायचा. एक, दोन, तीन… सगळं सुरळीत. बत्तिसाचा माईक झाला आणि ती सहज पडद्याजवळ आली.

"अहो, सत्तावीसवर काय लावलंय?"

"काही नाही."

"मग हलतंय कसं?"

खरंच हलत होतं. हिरवी पट्टी वरखाली होत होती, कुणीतरी बोलत असल्यासारखी. याला वाटलं, जोडणीत चूक झाली. अशा मिक्सरमध्ये कुठला माईक कुठल्या नंबरवर घ्यायचा ते आतून ठरवावं लागतं. चुकून एकच माईक दोन नंबरांवर घेतला तर असं होतं. त्याने सगळी जोडणी तपासली. चूक नव्हती. सत्तावीसला काहीच जोडलेलं नव्हतं.

मग त्याने झालेलं रेकॉर्डिंग पडद्यावर मोठं करून पाहिलं. बत्तीस रेघा, एकाखाली एक.

"आता हे नीट ऐका," मामा म्हणाले. "आवाजालाही चालत यावं लागतं. तोंडासमोरच्या माईकला तो आधी पोचतो, कोपऱ्यातल्या माईकला जरा उशिरा. कानाला कळत नाही, पण पडद्यावर दिसतं. जी रेघ आधी उठली, तो माईक जवळचा. तर बायको बोलली त्या माईकची रेघ सगळ्यांच्या आधी उठायला हवी होती. पण आधी उठत होती… सत्तावीसची. माईक तिच्या ओठांपासून चार बोटांवर. त्याहून जवळ काय असतं?"

"दात," भोंगा म्हणाला.

तिला हसू फुटलं. नवराही हसला. मामा थांबून राहिले. मग हसू आपोआपच विरलं.

त्या ओळखीच्याच्या मनात मात्र भूत नव्हतं आलं. त्याच्या मनात बायको आली. कारण दोन महिन्यांपूर्वी समोरच्या रस्त्यावरचा, याच्याच धंद्यातला एकजण त्याला भेटला होता, आणि बोलता बोलता याच्याकडचं गाणं गुणगुणायला लागला होता. जे अजून बाहेरच आलं नव्हतं ते! खोलीच्या किल्ल्या दोन. एक याच्याकडे, एक तिच्याकडे. त्या दिवसापासून हा बायकोच्या हातातला चहासुद्धा निरखून घ्यायचा. आता त्याला वाटलं, हिनेच कुठेतरी बारीक माईक लपवलाय. गाणी बाहेर जातात ती अशीच.

पातेल्यातला टप् टप् आवाज थांबला होता. पुन्हा सुरू झाला.

हा हुशार. बोलला काहीच नाही. बत्तीसही जागांवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं, पडदा काळा केला, आणि म्हणाला, "एक केबल कमी आहे, बाहेरून घेऊन येतो." चौकापर्यंत गेला. थंडीत हात चोळत उभा राहिला. परत आला तेव्हा खोलीला कुलूप होतं, बायको वर निजायला गेली होती. त्याने दार उघडलं. दिवा लावला नाही. हेडफोन चढवले. साडेअकरा वाजले होते.

आधी नुसती खुडबूड. पावलं. मग तिचा आवाज, फोनवर बोलणारा. एकतीसही माईकवर स्वच्छ…

"हो, आज रात्री पाठवते. आधीच्यासारखंच करा… नाही, यांना कळता कामा नये."

त्याचं डोकं फिरलं. उठलाच तो. वर जाऊन काय बोलायचं ते वाक्य तयार होतं. घरातून चालती हो. एवढंच.

पण उठता उठता त्याचं लक्ष सत्तावीसच्या रेघेकडे गेलं. तिच्यावर जास्त काहीतरी होतं. इतर रेघा सपाट होत्या तिथेही ती उठलेली होती. त्याने बाकीचे सगळे माईक बंद केले आणि ती एकटी लावली.

पहिला आवाज त्याचा स्वतःचा आला. "आज पकडतोच तुला." आणि लगेच, "एक केबल कमी आहे, बाहेरून घेऊन येतो."

दुसरं वाक्य तो बोलला होता. पहिलं… बोलला नव्हता. मनातल्या मनात म्हटलं होतं.

खालच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली. ती लांब जाईपर्यंत मामा थांबले.

मग बायकोचा आवाज. फोनवरचा नव्हे. फोन लावायच्या आधीचा. बाकीच्या माईकवर तिथे शांतता होती. "यांचा उजवा कान गेलाय. गाणं सगळं एका बाजूला कलतंय. आपणच नीट करून घ्यावं गुपचूप… यांना कसं सांगू? मोडून पडतील."

तो खुर्चीत बसला. मग त्याने हेडफोन उलटे घातले, डावा उजवीकडे, आणि आपणच केलेलं एक जुनं गाणं लावलं. गाणं कललं होतं. उजव्या बाजूला नुसता कल्लोळ. इतके दिवस उजव्या कानाला कमी येतं म्हणून हा तिकडचा आवाज वाढवत बसला होता, आणि त्याला वाटत होतं सगळं समान आहे. ती ते समोरच्या रस्त्यावरच्या त्या माणसाकडून सरळ करून आणत होती. ते गाणं त्याच्या तोंडी बसलं होतं ते म्हणून.

दाणे पडायचे पूर्ण थांबले. मामींचे हात पातेल्यात तसेच राहिले होते. हे फक्त तिला दिसलं, कारण इतर सगळे मामांकडे बघत होते.

"मग संपलं की!" भोंगा म्हणाला. आज त्याचा आवाज लहान होता. "भूत कुठंय यात?"

"ते रेकॉर्डिंग अजून संपलं नव्हतं. त्याने पुढचं लावलं…"

बायको खोलीतून गेली. दिवा मालवल्याचा खटका. कुलूप. मग एकतीस रेघा सपाट. खोलीत कुणी नाही.

सत्तावीस हलत होती.

त्याने हेडफोन सरळ केले. डाव्या कानात काही नव्हतं. उजव्या कानात… ज्या कानाला काही येत नव्हतं त्या कानात… कुणीतरी श्वास घेतला. जवळून. दातांच्याही आतून.

मग शब्द. एकच.

"ऐकलंस?"

आणि त्यावर उत्तर आलं. त्याच्याच आवाजात. "हो."

ते रेकॉर्डिंग दोन तासांपूर्वीचं होतं. तेव्हा तो चौकात उभा होता.

खुर्चीत बसलेल्या त्या माणसाचे ओठ… त्यानंतर हलले. "हो," म्हणाला तो.



तिच्या नवऱ्याने घसा खाकरला. "मग पुढे?"

"पुढे काय? वर गेला. बायकोला उठवून म्हणाला, माझा उजवा कान गेलाय. उद्यापासून मिक्सरवर तू बस. सगळं समूहगान हिने…" मामा अडखळले, "त्याच्या बायकोने टिपलं. फार सुरेख टिपलं. सोळाच माईक वापरले, दोघा-दोघांत एक. गाणं बसवणारा रुसला, पण ऐकल्यावर गप्प बसला."

"आणि पेटी?" भोंग्याने विचारलं.

"विकली. घेणाऱ्याला सांगून विकली. अकरावी जागा रिकामी ठेवा म्हणून. तो हसला."

"कान बरा झाला त्याचा?"

"डॉक्टर म्हणतात, पार गेलाय. त्या बाजूने बंदूक उडवली तरी कळायचं नाही."

मामी उठल्या, शेंगांची सालं पदरात गोळा करून. "पुरे आता. वीज यायची वेळ झाली. भोंग्या, सतरंजी उचल."

इतक्यात कठड्यावर पालथा ठेवलेला मोबाईल थरथरला. तिचा नवरा तो उचलून टाकीमागे गेला. अंधारात त्याची कुजबुज सुरू झाली. शब्द कळत नव्हते.

ती मामांच्या उजव्या हाताला बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून. आठवडाभराचा तो प्रश्न पुन्हा तिच्या घशाशी आला. कोण असेल? या वेळी कोण? मामांना माहीत असेल का? विचारावं का मामांना? तिने तो रोजच्यासारखा गिळला. ओठ मिटलेलेच होते.

मामांनी सावकाश मान वळवली. तोंड नव्हे, उजवा कान तिच्याकडे केला.

"मला नको, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "त्यालाच विचार."

"काय विचारायचंय वहिनीला?" सतरंजीचं टोक हातात धरून भोंगा म्हणाला. "ती तर काही बोललीच नाही!"

मामी जिन्याच्या तोंडाशी थांबल्या. परत आल्या, वाकून तिचा दंड धरला, आणि तिला उठवून मामांच्या डाव्या बाजूला बसवलं.