कलमाच्या चाकूची लाख

आमच्या घरचा कलमाचा चाकू माझ्या तान्ह्या छायाच्या उशाखाली असायचा. पाचवीला पुजलेलं लोखंड पोराला दात येईपर्यंत उशाखालून काढायचं नाही, ही आमच्या घरची रीत. चाकू सावरगावच्या नत्थूजी लोहारानं हातानं घडवलेला. संत्र्याची कलमं बांधून बांधून पातं निम्मं झिजलेलं. माझे मालक शालिकराम आणि त्यांची भावंडं त्यावरच झोपून मोठी झाली.

त्या उन्हाळ्यात मी फार थकले होते. शालिकराम पांढुर्ण्याच्या स्टेशनावर संत्र्याच्या पेट्या भरायला जायचे, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाडीवर. दिवसभर मी आणि छाया. रात्री ती झोपायची नाही, दिवसा मला झोप यायची नाही.

आणि तिचा उजवा हात उघडत नव्हता. चार महिन्यांची झाली तरी. डाव्या हातानं माझ्या गळ्यातली पोत ओढायची. उजव्याची बोटं घट्ट मिटलेली. सोडवायला गेलं की रडायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची. आत नखं रुतत असतील, या विचारानं मला घास जात नसे. डॉक्टर म्हणाले, उघडेल आपोआप. शेजारच्या कमलबाईंनी विचारलं, लुळा तर नाही ना? शालिकराम हसण्यावारी न्यायचे.

"माह्यावर गेली. हातात आलं ते सोडत नाई."

एका सकाळी छायाचं जावळ चाकूच्या मुठीत अडकलेलं दिसलं. मुठीची एक लाकडी पट्टी सुटून फट पडली होती. मी मूठ खोलून नीट बसवते म्हटलं. आत्याबाई दारातच थांबल्या.

"खोलू नोको व. वरूनच लाख भर."

"काहून?"

"पात्याचं पाणी जाते मा. अन् ते कोनं खोललीच नाई आजवर."

त्या वाडीवर गेल्या. माझे वडील मोहगावला कलमं बांधत. धारेचं पाणी न घालवता मूठ कशी सोडवायची, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. वरून लाख भरली की महिन्यात पुन्हा फट पडते. पोरीच्या डोक्याखाली अर्धवट काम मला नको होतं.

दुपारी छायाला झोळीत निजवलं. पात्याला ओलं फडकं गुंडाळलं, म्हणजे आच तिथवर जाणार नाही. तव्यावर वाळू तापवून पुरचुंडी बांधली, तिचं पोट शेकायला बांधते तशीच, आणि मुठीवर दाबून धरली. खिळा नव्हताच. दोन्ही पट्ट्या नुसत्या लाखेनं चिकटवलेल्या.

झोळीत छायानं मोठा सुस्कारा सोडला. म्हाताऱ्या माणसासारखा.

लाखेचा वास सुटला. फटीत दोरा घालून हळूहळू इकडून तिकडे ओढत गेले. जोर नाही लावायचा, नाहीतर लाकूड चिरतं. दोरा मध्येच अडायचा. अडला की झोळी हलायची. वारा नव्हता.

पट्टी अख्खी निघाली. कुठं टवका नाही.

आत लाख लालभडक होती, कालच ओतल्यासारखी. तिच्यात चार खळगे होते, हरभऱ्याएवढे. त्यांच्याखाली बारीक रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. लाकडाचा उठाव असेल म्हणून पट्टी उलटून पाहिली. लाकूड गुळगुळीत होतं.

तेव्हा थांबायला हवं होतं. पण डोळे मिटत होते, आणि वडिलांचा धडा अंगात मुरलेला: जुनी लाख सपाट केल्याशिवाय पट्टी बसत नाही. मी पुन्हा शेक दिला आणि ओल्या अंगठ्यानं खळगे बुजवले, रेघा पुसल्या. विळीनं कापलेला माझा उजवा अंगठा वणाजवळ जाड आहे, त्याला चटका कमी लागतो. शेवटी मधोमध एकदा जोरात दाबलं, पट्टी बसवली, दोरा आवळला.

झोळीत बघते तर छाया जागी होती. उजवा हात उघडा, झोळीबाहेर लोंबत होता.

मी रडले. किती वेळ, कळलं नाही. तो तळवा गालाला लावून बसले. गरम होता. लाखेचा वास येत होता. माझ्याच हातांचा असेल, वाटलं.

आत्याबाई उन्हं उतरता उतरता आल्या. पोरीला घेऊन दारात उजेडाला गेल्या, हसत हसत.

"पाहू माह्या बाईच्या नशिबात का हाय..."

मग त्यांनी तळवा पदरानं पुसून पुन्हा पाहिला.

मी जवळ गेले.

तळव्यावर एकही रेघ नव्हती. कातडी सपाट, चकचकीत.

आत्याबाईंनी पोर माझ्याकडे दिली, चाकू उचलून पुन्हा तिच्या उशाखाली ठेवला आणि हात धुवायला गेल्या.

मी तळवा आणखी उजेडात धरला. मधोमध एक ठसा होता. तिच्या हाताला फार मोठा. अंगठ्याचा.

त्यावर विळीचा वण होता.