आपण कुणाचे?

एकोणीसशे सत्तावन्नच्या जूनमध्ये उद्धवराव गाण्याचे शिक्षक म्हणून बार्शीहून चिंचवडला आले, तेव्हा नव्या कॉलेजातल्या संगीत विभागाच्या भिंतींचा चुना अजून हाताला लागत होता. आदल्या वर्षापर्यंत त्या जागेवर ज्वारी उभी असायची. आता तिथे पत्र्याच्या छपराचा एक लांबलचक वर्ग होता, कोऱ्या सतरंज्या होत्या आणि मिरजेहून आलेले चार तंबोरे गवसण्या घालून भिंतीशी उभे होते. पिंपरीकडून वारा सुटला की औषधाच्या कारखान्याचा आंबूस वास आत यायचा आणि शिफ्ट सुटली की भोंगा. जुनं म्हणावं असं तिथे काही नव्हतं. माणसंसुद्धा सगळी नवीच.

नव्या शिक्षकांची पहिली बैठक विभागप्रमुख यशवंतरावांनी घेतली. ते स्वतः सतारिये. चहा आला, बिस्किटं आली आणि मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, "आपण कुणाचे?"

गाण्याच्या दुनियेत या प्रश्नाला बापाचं नाव सांगायचं नसतं, गुरूचं सांगायचं असतं. तबल्याच्या हिंदुरावांनी कानाच्या पाळीला हात लावून आपल्या उस्तादांचं नाव घेतलं. मग सगळे उद्धवरावांकडे बघू लागले.

"मी परीक्षा दिल्या आहेत," ते म्हणाले. "सगळ्या पहिल्या वर्गात."

"त्या दिल्याच असणार हो, नाहीतर नेमणूक कशी झाली असती? गंडा कुणाचा?"

गंडा म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटाला बांधलेला दोरा. तो बांधायचा, शिष्याच्या तोंडात गूळ-चणे घालायचे, की झाला तो त्या घरचा. उद्धवरावांनी सोलापुरात एका बुवांची छत्री आणि पानाचा डबा वर्षानुवर्षं वाहिला होता. दर गुरुपौर्णिमेला बुवा म्हणायचे, "पुढल्या वर्षी बघू." आणि एके वर्षी पौर्णिमेच्या आधीच बुवा गेले. ज्याला गुरू नाही त्याला गवई लोक 'निगुरा' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पाठ वळली की म्हणतात.

"बरं, असू द्या," यशवंतराव म्हणाले. "गुरुपौर्णिमेला आपलं उद्घाटन. विद्यापीठाची माणसं येतील. प्रत्येक नव्या शिक्षकाने कला दाखवायची. निवेदनात नावापुढे गुरूचं नाव घालतो आपण. तुमचं काय सांगायचं तेवढं कळवा."

हिंदुरावांनी त्या दिवशी त्यांना मुद्दाम घरी जेवायला बोलावलं. त्या दयेने उद्धवरावांना जास्तच लागलं.

गाण्यासाठी त्यांनी मुलतानी निवडला. तो दुपार कलल्यावर गायचा राग आणि कार्यक्रमही त्याच सुमाराचा. मुलं घरी गेली की ते वर्गातच रियाजाला बसत. भाड्याच्या खोलीवर जाऊन तरी काय करणार? तिथे वाट बघायला चिटपाखरू नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं.

भोंगा वाजला की भिंतीशी ठेवलेला एक तंबोरा आपोआप गुणगुणायचा. मुलं घाबरली तेव्हा उद्धवरावांनी त्यांना फळ्यावर आकृती काढून समजावलं, की दोन स्वर जुळले की न छेडलेली तारही थरथरते. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

मग एका दुपारी ते मुलतानीतला गंधार हा स्वर लावत होते आणि समोरच्या कोपऱ्यातून आवाज आला, "अं हं."

पानाचा विडा नको म्हणावा तितक्या सहज कुणीतरी नको म्हटलं होतं. कोपऱ्यात पांढरी भिंत होती आणि गुंडाळलेली सतरंजी. झाडलोट करणाऱ्या गोजाबाई बाहेर नळावर बादली भरत होत्या. उद्धवरावांनी पुन्हा गंधार लावला.

"अं हं."

त्यांनी स्वर किंचित खाली आणला. केसभरच.

"हं."

एखादा शहाणा माणूस तिथून उठून तडक घरी गेला असता. उद्धवरावही शहाणेच होते, पण ते उठले नाहीत. आपला गंधार चुकतो, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. परीक्षकांनी गुण दिले, बुवांनी छत्री धरायला दिली. चूक दाखवायला जवळचं माणूस लागतं. उद्धवरावांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यात सतरंजी अंथरली. मग रोज पाण्याचं तांब्या-भांडं ठेवू लागले. 'हं' की 'अं हं', एवढ्यावर त्यांची तालीम चालली होती आणि गाणं दिवसागणिक फुलत होतं.

"मास्तर," एकदा झाडू भिंतीला टेकवत गोजाबाईंनी विचारलं, "त्ये म्हातारं कुठलं वो?"

"कोणतं म्हातारं?"

"तुमाला शिकवतंय त्ये. लई कडक हाय. पर गळा कसला ग्वाड! मी भाईर बसून ऐकते की."

उद्धवरावांनी कोपऱ्याकडे पाहिलं. त्यांना स्वतःला हुंकाराखेरीज कधी काही ऐकू आलं नव्हतं. आणि मग, सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट, त्यांना गोजाबाईंचा हेवा वाटला.

पुढे हिंदुराव एकदा ठेका धरायला बसले आणि ऐकून चाट पडले. "राव, हे पुस्तकातलं गाणं नाही. कुणाकडे जाता चोरून?" उद्धवराव नुसते हसले. जाता जाता हिंदुराव म्हणाले, "आवाज मात्र बसलाय तुमचा. जरा जोर लावा, मला इथे पुरता पोचत नाही."

वर्गात मागच्या मुली पुढे सरकून बसू लागल्या. "सर, जरा मोठ्यानं म्हणा ना." उद्धवरावांना नवल वाटे. त्यांच्या स्वतःच्या कानांना तो आवाज इतका भरदार कधीच लागला नव्हता.

"आता म्हाताऱ्याचंच गानं ऐकू येतंय," गोजाबाई एकदा पुटपुटल्या. "तुमचं येत न्हाई. मास्तर, तुमी कुठं तरी दावा स्वतःला."

ते वैद्याकडे गेले नाहीत. गुरुपौर्णिमा तोंडावर आली होती.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, खुर्च्या मांडून माणसं पांगल्यावर, त्यांनी वर्गाचं दार लोटलं. कोपऱ्यातल्या सतरंजीपुढे नारळ ठेवला, लाल दोरा ठेवला, पळसाच्या पानावर गूळ-चणे ठेवले. गुडघे टेकून, डोळे मिटून त्यांनी उजवा हात पुढे केला. आपण हे काय करतोय, असं त्यांना क्षणभर वाटलं. हात मात्र तसाच राहिला.

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर चाकणकडची कांद्याची गाडी घुंगरं वाजवत गेली.

मग मनगटाला बोटं लागली. कोरडी, आणि जन्मभर तारा छेडल्यावर होतात तशी टोकांशी घट्टे पडलेली. दोरा फिरला. गाठ करकचून बसली.

तोंडात गूळ होता.

उद्धवरावांनी डोळे उघडले तेव्हा समोर चुन्याची भिंत होती. भीती वाटायला हवी होती, पण वाटला तो निखळ आनंद. ते तसेच यशवंतरावांकडे गेले आणि त्यांनी मनगट पुढे केलं.

"अरे वा! कुणाचा?"

"नाव नका सांगू. पण गंडा आहे, एवढं सांगा."

"सांगतो की," यशवंतराव म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच उद्धवरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

वर्ग खच्चून भरला. पुढे विद्यापीठाची मंडळी, मागे पहिल्या शिफ्टचे कामगार, गावातली शेतकरी माणसं, पिंपरीच्या निर्वासित कॅम्पातली बायकामुलं. निवेदन झालं. उद्धवराव गुरूचे होते, हे चारचौघांत जाहीर झालं.

त्यांनी तंबोरा मांडीशी घेतला, डोळे मिटले आणि षड्ज लावला. मग हलकेच वर सरकत मुलतानीचा गंधार. तो जिथे असायला हवा तिथेच लागला. उभ्या आयुष्यात ते असं गायले नव्हते. आलाप संपवून त्यांनी दाद घ्यायला डोळे उघडले.

पुढच्या रांगेतले गृहस्थ घड्याळ बघत होते. एका पोराने जांभई दिली.

हिंदुराव तबल्यावर हात ठेवून तसेच बसले होते. ते कानाशी वाकले.

"राव, सुरू करा की. नुसता तंबोरा किती ऐकवणार? लोक ताटकळलेत."

उद्धवराव पुन्हा गायले. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. छपराचे पत्रे दणाणतील असा तो आवाज त्यांच्या कानांत घुमला.

मागच्या लोकांत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी हसलं.

दाराशी गोजाबाई उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला होता आणि त्या कान देऊन कोपऱ्याकडे बघत होत्या.

मनगटावरची गाठ उद्धवरावांनी नखांनी ओढून पाहिली. ती सुटली नाही.

कोपऱ्यातून, अगदी तृप्तपणे, आवाज आला.

"हं."