एकशे नव्वद ग्रॅमची पॉवर बँक

चौथ्या खेपेला, सहाव्या मिनिटाला, यंत्र घरघरलं, उचकी लागल्यासारखं दोनदा थांबलं आणि बंद पडलं.

"वायर हलली असेल," वकील म्हणाला.

वायर हलली नव्हती. पिपाणीने ती काढून परत लावली, मग उलटी करून लावली, मग फुंकर मारून लावली. यंत्र ढिम्म. आणि गंमत म्हणजे टेबलावरच्या त्या चकचकीत काळ्या पॉवर बँकेवर अजून चारच्या चार निळे दिवे लागलेले होते. चार दिवे म्हणजे पूर्ण भरलेली. ती पोट भरल्यासारखी मजेत बसली होती आणि यंत्र मात्र उपाशी. पाहता पाहता चारही दिवे एकदम विझले.

वकिलाने बँकेचं बटण दाबून पाहिलं. काहीच नाही.

हे यंत्र म्हणजे वाफेतून औषध घ्यायचं. पिपाणीला दमा होता. सर्दी झाली की तिची छाती शिट्टी वाजवायची, म्हणून तिच्या मोठ्या भावाने तिचं हे नाव ठेवलं होतं. भाऊ स्वतः प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, म्हणून तिने त्याला वकील केलं. फिट्टंफाट. तिसरी मुंगी. ती शेजारची, दोघांपेक्षा लहान, आणि कुठेही जाताना स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून नेणारी.

उद्या सकाळी सहाला शाळेची बस डोंगरावरच्या तंबूंकडे निघणार होती. तीन दिवस. पिपाणी दोन वर्षं या बसकडे खिडकीतून बघत आली होती. या वेळी आई कशीबशी तयार झाली होती, पण एका अटीवर. आई औषधांच्या दुकानात कामाला, त्यामुळे गोड बोलून तिला गुंडाळणं कुणाच्या बापाला जमत नसे. तिने सांगितलं होतं, "तिकडे वीज नाही. थंड हवेत खबरदारी म्हणून सकाळ-संध्याकाळ धरून सहा खेपा, आणि अडीनडीला दोन. सहलीच्या सरांनी दिलेल्या या बँकेच्या एका चार्जवर आठ वेळा यंत्र चाललं पाहिजे. औषध न घालता, नुसत्या खाऱ्या पाण्यावर चालवून बघा. प्रत्येक खेप कागदावर लिहा. सातला मी घरी येते, तेव्हा कागद दाखव. आठ झाल्या तर जा, नाही तर नाही."

कागदावर तीन खेपा लिहून झाल्या होत्या. चौथ्या ओळीवर पिपाणीचं पेन थांबलं.

"लिहू नकोस काही," वकील हळूच म्हणाला. "यंत्र भिंतीतल्या प्लगला लावू, उरलेल्या पाच खेपा करू. वेळ तीच, वाफ तीच. यात खोटं काय आहे सांग."

"आणि तिकडे डोंगरावर भिंत कुठून आणू?"

"तिकडे तुला लागणारच नाही यंत्र. गेल्या महिन्यात एकदा तरी लागलं का?"

पिपाणीला बसवत नव्हतं. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. वकिलाचं म्हणणं तिला अगदी मनापासून पटवून घ्यायचं होतं, खरं सांगायचं तर निम्मं पटलंही होतं. पण मुंगीने मध्येच विचारलं, "सरांनी अशा बँका किती घेतल्यात?"

"आठ," वकील म्हणाला. "सहा तंबूंना एकेक. उरलेल्या दोन वॉकीटॉकी आणि शोधायच्या मोठ्या दिव्यासाठी."

म्हणजे कुणी वाट चुकलं तर त्याला शोधायचा दिवासुद्धा असल्याच बँकेवर चालणार होता. पिपाणी खाली बसली आणि चौथ्या ओळीवर लिहून टाकलं, 'सहाव्या मिनिटाला बंद.' लिहिल्यावर तिला रडू आलं, आणि ते वकिलाला दिसू नये म्हणून तिने पॉवर बँक उचलून पिशवीत कोंबली.

"चला, दुरुस्तीवाल्या मावशीकडे."

मावशीचं दुकान म्हणजे जिन्याखालची जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा. भिंतभर फोनच्या काचा, छोट्या डब्यांत स्क्रू, आणि मावशीच्या कपाळावर अडकवलेलं भिंग. मुलांचं सगळं ऐकत तिने बँक हातात घेतली आणि चालू न करताच तोंड वाकडं केलं.

"किती वीज मावते म्हणते ही?"

"तीस हजार एमएएच," मुंगी म्हणाली. आकडा बँकेवर अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापला होता.

"काहीही म्हणेल. कागदावर मीही सहा फूट उंच आहे." मावशीने बँक तळव्यावर वरखाली केली. "वीज साठते ती आतल्या सेलमध्ये. जास्त वीज पाहिजे तर जास्त सेल, आणि सेल हलके नसतात. हिच्यात सेल आहेत कुठे? आता हिच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाच."

वकिलाने भिंग घेऊन उलटसुलट पाहिलं. "बारीक अक्षरं नाहीतच."

"तेच तर. आता ही बघ." मावशीने स्वतःची, कोपरे खरचटलेली बँक काढली. तिच्या पाठीवर खऱ्या मुंगीच्या पायांएवढी अक्षरं होती. "वीस हजार, आणि खाली चौऱ्याहत्तर वॉट-अवर. खरा हिशेब हा खालचा. तुमचं यंत्र मीच दुरुस्त केलं होतं, दहा वॉटचं आहे, म्हणजे तासाला त्यातले दहा खातं. मधली गळती धरली तरी सहा तास चालेल. बँक घेताना आधी यंत्राची भूक बघायची, मग खालचा आकडा, आणि हातात घेऊन वजन. मोठी अक्षरं सगळ्यात शेवटी."

"ती काळी उघडून दाखवता?" पिपाणीने विचारलं.

"वस्तू सरांची आहे. त्यांनी सांगितलं तर आत्ता उघडते." मावशीने स्वतःची बँक पिपाणीच्या हातात दिली. ती चांगली जड होती. "ही भरलेली आहे. घेऊन जा, परत आल्यावर दे. आणि सरांना पटवा आधी. आठ-आठ घेऊन बसलाय तो माणूस."

सरांना पटवणं हीच तर अडचण होती. ते भूगोल शिकवत, पण मुलं त्यांना ग्रॅमसर म्हणत. सहा किलोच्या वर एकाही मुलाची बॅग जाऊ द्यायची नाही, असा त्यांचा कायदा होता. ते दात घासायच्या ब्रशचे दांडे अर्धे कापत, साबणाची चौथाई करत आणि प्रत्येक वस्तू लटकत्या काट्यावर तोलून वहीत लिहून ठेवत. त्यांच्या हाताखाली कॅम्पला जाऊन आलेला मुलगा टॉवेलकडेसुद्धा संशयाने बघायचा.

शाळेच्या हॉलमध्ये दोरांच्या वेटोळ्यांत ते उभे होते.

"सर, पॉवर बँक चौथ्या खेपेला बंद पडली," पिपाणीने सांगितलं.

"नीट भरली नसेल."

"चारही दिवे लागलेले होते."

"मग झालं तर. मी आठही स्वतः तपासल्यात. चारही दिवे लागतात."

"दिवे तपासलेत की बँक तपासलीत, सर?" वकिलाने तोंड उघडलंच.

ग्रॅमसरांची भुवई वर गेली. "उद्या पहाटे मला चाळीस मुलं बसमध्ये घालायचीत. तीस हजाराची बँक, अवघी एकशे नव्वद ग्रॅम. सगळा बाजार पालथा घालून मी सगळ्यात हलकी शोधून काढली. आणि तुम्ही मला शिकवताय? यंत्रातच बिघाड असेल. आईला सांग, या वर्षी राहू दे."

राहू दे. इतक्या सहज म्हणाले ते. पिपाणीला तिथून पळून जावंसं वाटलं आणि त्याच वेळी तिथे घट्ट उभं राहावंसंही वाटलं. वकील वादाचा दुसरा मुद्दा काढणार, तेवढ्यात मुंगीने त्याच्या पायावर पाय दिला.

"सर," ती अगदी गरीब चेहरा करून म्हणाली, "माझी बॅग जड होतेय. हे एवढं तोलून द्याल का?"

आणि तिने मावशीची बँक पुढे केली.

तोलायचं म्हटल्यावर ग्रॅमसर विरघळलेच. त्यांनी बँक काट्याला टांगली. "चारशे तीस. किती हजाराची? वीस? बघ, वीसला चारशे तीस. म्हणून म्हणतो, वस्तू निवडून घ्यावी."

"लिहा ना वहीत. आणि गेल्या वर्षीची केवढी होती?"

सरांनी खुशीत पानं उलटली. "गेल्या वर्षी... दहा हजाराची, दोनशे वीस ग्रॅम."

"दहाला दोनशे वीस," मुंगी बोटं मोजत म्हणाली, "वीसला चारशे तीस. मग सर, तीसला किती?"

सर शिकवण्यात मुरलेले. कुणी गणित घातलं की उत्तर दिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. "त्याच हिशेबाने साधारण साडेसहाशेच्या..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी वहीतली स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ पाहिली. 'तीस हजार, १९० ग्रॅम. उत्तम.' उत्तमखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. ते हळूच दोरांच्या ढिगावर बसले.

"मावशीकडे उघडून बघू या?" पिपाणीने विचारलं.

सर एवढ्या भराभर चालले की मुलांना मागून पळावं लागलं. मावशीने पट्टीने बँकेची कड उचकटली. आत बोटाएवढा एकच सेल होता, एका कोपऱ्यात चिकटवलेला. बाकी नुसतं जाड प्लास्टिक आणि रिकामी जागा.

"आणि दिवे?" सरांनी विचारलं.

"ते नुसते लावून ठेवलेत. सेल संपेपर्यंत चारच्या चार जळणार."

ग्रॅमसरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "मी हलकं शोधत होतो," ते म्हणाले, "आणि मला हलकंच मिळालं. शोधायचा दिवासुद्धा मी यावर लावणार होतो." मग ते एकदम उठले. पिपाणीकडे मावशीची होती, म्हणून मोठ्या दुकानातून आणखी सात जड बँका आणायच्या होत्या, पाठीवरची बारीक अक्षरं वाचून, आणि त्या रात्रभर भरायला लावायच्या होत्या. वकिलाला त्यांनी भिंगासकट बरोबर नेलं.

पिपाणी आणि मुंगी घराकडे पळाल्या. घड्याळात साडेपाच वाजून गेले होते आणि आठ खेपा पहिल्यापासून करायच्या होत्या. दहा मिनिटं एक खेप. पहिली झाली, दुसरी झाली. पिपाणी खुर्चीवर बसायची, उठायची, पाणी प्यायची, परत घड्याळ बघायची. चौथ्या खेपेच्या सहाव्या मिनिटाला दोघींनी श्वास रोखले. यंत्र घरघरत राहिलं. आठव्या खेपेत बँकेवरचा एक दिवा विझला आणि मुंगी किंचाळली.

"अगं, विझू दे," पिपाणी म्हणाली. "ही खरं सांगतेय."

दाराशी चपलांचा आवाज आला. आई आत आली. तिच्या मागे वकील, आणि त्याच्याही मागे ग्रॅमसर. त्यांनी घडलेलं सगळं उभ्याउभ्या सांगितलं, स्वतःची चूकही न गाळता. "चाळीस मुलांना मी अंधारात नेत होतो," ते म्हणाले. "तुमच्या मुलांनी आणि या चिमुरडीने मला थांबवलं. माझ्या वर्गात मी असं गणित कधी घातलं नव्हतं."

मुंगीचे कान लाल झाले. आईने मात्र कागद मागितला. ती ओळ न ओळ वाचत गेली. वरती तीन खेपा, मग 'सहाव्या मिनिटाला बंद', आणि खाली मावशीच्या बँकेच्या आठ.

"ही चौथी ओळ कुणी लिहिली?"

"मी."

"सर आले नसते आणि तू नुसत्या खालच्या आठ दाखवल्या असत्यास, तर मला कळलंही नसतं."

आई पिपाणीसमोर बसली. "बाळा, मला यंत्राची भीती नव्हतीच गं. गेल्या हिवाळ्यात शर्यतीच्या दिवशी तुला धाप लागली होती. तू कुणाला बोलली नाहीस. पळालीस, आणि मग दोन रात्री दवाखान्यात काढल्या आपण. तिकडे डोंगरावर तू पुन्हा गप्प बसलीस तर, या भीतीने तुला पाठवायला माझं मन तयार होत नव्हतं."

"आता नाही बसणार गप्प."

"सांगशील?"

सगळे पिपाणीकडे बघत होते. बस सकाळी सहाला होती. दोन वर्षं ती या बसची वाट बघत होती.

"आई," ती म्हणाली, "आत्ताही थोडी धाप लागलीय. मघाशी पळत आलो ना, तेव्हापासून. छाती वाजतेय."

वकिलाने डोक्याला हात लावला. गेली सहल, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आईचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. तिने कपाटातून औषध काढलं, यंत्रात घातलं, पिपाणीच्या तोंडावर मास्क नीट बसवला आणि मावशीच्या बँकेची वायर जोडली. यंत्र घरघरू लागलं. आईने शेजारी खुर्ची ओढून घेतली आणि पिपाणीच्या पाठीवर हात ठेवला.

"सर," ती म्हणाली, "सकाळी हिला पुढच्या सीटवर बसवा. उशिरा येणार नाही ती."