निवांत शिबिर आणि फळ्यांचा डॉक्टर

"हात लावू नका, ओलं आहे!"

हात तिने लावलाच नव्हता. ती फक्त वाकली होती. हॉलच्या मधोमध, टेकूसाठी लावलेल्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेली ही लांबलचक, गुळगुळीत, पिवळी वस्तू आहे तरी काय, एवढंच तिला बघायचं होतं. पण ती वाकली तशी तिची वेणीही वाकली, खांद्यावरून घसरली आणि थेट त्या चकचकीत लेपात जाऊन पडली.

"हलू नका!" खिडकीपाशी उभा असलेला एक माणूस धावत आला. तोंडाला मास्क, कपाळावर चढवलेला चष्मा, भुवयांवर पांढरी धूळ. "अजिबात घाबरू नका. तुमच्या केसालाही धक्का—"

तो थांबला. वेणीकडे पाहिलं.

"म्हणजे... लागेल. दोन बोटं तरी लागेल."

"काय?"

"लेप घट्ट होत चाललाय. आत्ता कापली तर दोन बोटं. पाच मिनिटं वाद घातलात तर वीतभर."

तिने डोळे गच्च मिटले. "कापा."

कात्री चालली. कात्रीपेक्षा तिला जाणवली ती त्याच्या बोटांची जपणूक. एक बट वाचावी म्हणून तो श्वास रोखून काम करत होता. डोळे उघडले तेव्हा त्याने मास्क खाली केला होता आणि त्याचा चेहरा तिच्यापेक्षाही जास्त ओशाळलेला होता.

"माफ करा. पण तुम्ही इथे कशा?"

"ते मी विचारायचं! हा हॉल मी घेतलाय, आठवड्यासाठी. आज चार वाजता माझी अकरा माणसं येतायत, योगाला, ध्यानाला, शांततेला! आणि इथे..." तिने हात फिरवला. भिंतीला टेकवलेले, घोड्यांवर आडवे पडलेले, कुठे नाक फुटलेले, कुठे शेपूट तुटलेले चौदा सर्फबोर्ड, लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या. "इथे हे काय हॉस्पिटल मांडलंय?"

"घरमालकीणबाई तर म्हणाल्या, पाहुणे पुढच्या शनिवारी."

"आजच पुढचा शनिवार आहे!"

"त्यांनी मागच्या सोमवारी सांगितलं. तेव्हा मला वाटलं..." तो बोटांवर मोजू लागला आणि मध्येच हसला. ते हसू इतकं सरळ होतं की तिचा राग कुठे टेकायचा तेच विसरला. "चार वाजायला तीन तास आहेत. एक टोक तुम्ही धरा, एक मी."

चौदा फळ्या दोघांनी मिळून मागच्या शेडमध्ये नेल्या. पुढे तो उलटा चालायचा, मागे ती. प्रत्येक खेपेला तो सांगायचा, "पायरी." आणि प्रत्येक खेपेला पायरीला तोच अडखळायचा.

या शिबिराचं नाव तिने 'निवांत' ठेवलं होतं. घरचे त्यावरून हसत, कारण तिच्याइतकी घायकुतीला येणारी मुलगी सात पिढ्यांत झाली नव्हती. आठ वर्षं तिने एका इस्पितळात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे हलते केले, संध्याकाळी योग शिकवला, आणि मग एक दिवस नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी करायचं ठरवलं. हे पहिलंच शिबिर. स्वयंपाकाला बरोबर आत्या होती. तिच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. शिवाय अकरा पाहुण्यांमध्ये एक खास पाहुणी होती: एका मोठ्या वेलनेस कंपनीची मॅडम. तिला शिबिर पसंत पडलं तर वर्षाला बारा शहरांत बारा शिबिरं, सगळी हिच्या हाताखाली. म्हणून तिने पहाटे साडेपाचपासून रात्री नऊपर्यंतचं वेळापत्रक आखून भिंतीवर लावलं होतं. त्यात 'सूर्यास्त पाहणे' यालाही बावीस मिनिटं दिली होती.

"आणि सूर्याला उशीर झाला तर?" आत्याने विचारलं.

"आत्या, प्लीज."

पहिला दिवस नीट पार पडला. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर पाहते तर चार पाहुणे गायब. शोधत शोधत ती मागच्या शेडपाशी आली. दारात रांग होती! सगळ्यात पुढे बँकेतून निवृत्त झालेले काका पँट गुडघ्यापर्यंत वर करून उभे.

"काका, इथे काय करताय?"

"अगं, सगळी वस्ती यांना डॉक्टर, डॉक्टर म्हणते. म्हटलं, गुडघा दाखवावा."

आत तो हातात पॉलिश पेपर घेऊन लाल झाला होता. "मी काकांना तीनदा सांगितलं, मी फळ्यांचा डॉक्टर आहे. ते म्हणतात, माझा गुडघा पण फळीसारखाच झालाय, वाकत नाही."

ती हसली. खूप दिवसांनी पोट धरून हसली. हसता हसता तिथल्याच एका स्टुलावर बसली आणि तिच्या लक्षात आलं की वेळापत्रकाप्रमाणे या क्षणी तिने हॉलमध्ये असायला हवं होतं.

ती उठली तसा तो हळूच म्हणाला, "एक विचारू? दोन दिवस सकाळी तुमचा आवाज इथपर्यंत येतोय. श्वास घ्या... सोडा... घ्या... सोडा. तुम्ही स्वतः कधी सोडता?"

"म्हणजे?"

"आल्यापासून तुम्ही घेतलेलाच आहे. अजून सोडला नाहीत."

काहीतरी झणझणीत उत्तर द्यावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण खांदे कानांपर्यंत चढलेले आहेत हे तिलाच जाणवलं आणि ते खाली सोडत ती हॉलकडे निघाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे विश्रांती घेत असताना ती आपण होऊन किनाऱ्यावर गेली. तो दुरुस्त केलेली एक फळी पाण्यात तपासत होता.

"शिकवाल?"

"मी?" तो दचकला. "माझी फार ख्याती ऐकू नका. मी लाटेवर उभा राहतो तेव्हा फोटो काढायला माणूस फार चपळ लागतो."

"मग इथे कसे?"

"मी सुतार. घरमालकीणबाईंचा जिना दुरुस्त करायला आलो होतो. तीन दिवसांचं काम. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मोडलेली फळी आणून दिली... झाली सहा वर्षं."

"आणि जिना?"

"अजून करकरतो."

त्याने तिला फळीवर पालथं झोपवलं. कमरेइतकं कोमट पाणी, पाठीवर ऊन, जिभेवर खारट थेंब. "काही करू नका," तो म्हणाला. "लाट आली की मी ढकलेन. तुम्ही फक्त पुढे बघा."

"पण किती सेकंदांनी—"

"बाई, लाटेला वेळापत्रक लावू नका."

लाट आली. खालून कुणीतरी उचलून घ्यावं तशी ती वर झाली, आणि फेसाच्या खळखळाटात सरळ वाळूपर्यंत घरंगळत गेली. नाकात पाणी, केसांत वाळू, आणि तोंडातून निघाली ती चक्क किंकाळी, शाळेच्या सहलीत निघते तशी. मागे वळून बघितलं तर तो पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता. त्यानंतर ती पाच वेळा गेली. सहाव्यांदा उतरताना तिने आधारासाठी त्याचा हात धरला आणि सोडायला अंमळ उशीर केला... त्यानेही घाई केली नाही.

संध्याकाळी आत्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाक भाजलंय. डोळे मात्र गार दिसतायत."

"आत्या!"

"मी कुठे काय म्हटलं?"

पाचव्या दिवशी मात्र सगळं फिसकटलं. सकाळपासून वादळी पाऊस. वीज गेली, हॉलच्या छपरावर असा मारा सुरू झाला की तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. ध्यान बारगळलं, किनाऱ्यावरची फेरी रद्द. पाहुणे खिडकीशी बसून एकमेकांवर चिडचिड करू लागले. मॅडम भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघून वहीत काहीतरी लिहीत होत्या. आता काय करावं म्हणून ती स्वयंपाकघरात आत्याशी बोलायला गेली. परत आली तर हॉल रिकामा.

सगळे शेडमध्ये होते. त्याने प्रत्येकाच्या हातात पॉलिश पेपर दिला होता आणि अकरा माणसं चार फळ्यांभोवती बसून घासत होती. काकांच्या मिशा पांढऱ्याफेक झाल्या होत्या. मॅडमसुद्धा बाह्या दुमडून बसलेल्या. कुणीतरी जुनं गाणं चुकीच्या चालीत म्हणत होतं.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "हे काय चाललंय? हे माझं शिबिर आहे! लोक इथे शांततेसाठी आलेत, तुमची कामं करायला नाहीत!"

शेडमधलं गाणं मध्येच तुटलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. हातातला फडका खाली ठेवून तो भर पावसात बाहेर पडला.

ज्यांच्याशी कुणी वाद घालत नाही अशा एक निवृत्त मुख्याध्यापिका पाहुण्यांत होत्या. सगळे त्यांना 'बाई' म्हणत. बाईंनी हातातला कागद झटकला. "मुली, पाच दिवस तू आम्हाला मन रिकामं करा म्हणून सांगतेयस. माझं काही होत नव्हतं. मिस्टर गेल्यापासून रिकामं मन म्हणजे मला भीतीच वाटते. आज हात भरलेले होते आणि डोकं कसं स्वच्छ. तुझ्या शिबिरात मला हवं ते आत्ता मिळालं, या शेडमध्ये. आता जा आणि त्याला घेऊन ये. भिजतोय तो."

तो किनाऱ्यावरच्या नारळाखाली उभा होता, म्हणजे पावसातच उभा होता. ती छत्री घेऊन गेली. वाऱ्याने ती पहिल्या झटक्यात उलटी केली.

"चुकले मी," ती ओरडून म्हणाली, कारण लाटांपुढे हळू बोलून उपयोगच नव्हता. "मला भीती वाटत होती. सगळं हातातून गेलं तर काय, म्हणून! आणि ते तुमच्या हातात इतकं छान... म्हणून राग आला!"

"विचारायला हवं होतं मी."

"हो, हवंच होतं!"

दोघेही हसले. मग तो एकदम गंभीर झाला. "एक सांगू? तुम्ही रविवारी जाणार. इथे येणारं प्रत्येक माणूस जातं. मी कुणाला थांबा म्हणत नाही, सवयच लावून घेतलीय. पण या खेपेला..."

"या खेपेला काय?"

समुद्र गरजला. तो उलट्या छत्रीकडे बघत म्हणाला, "काही नाही. ही दुरुस्त करून देतो."

उरलेले दोन दिवस वेळापत्रक भिंतीवरच राहिलं, कुणी वाचलं नाही. सकाळी योग, दुपारी शेड, संध्याकाळी ज्याला जिथे बसावंसं वाटेल तिथे. शनिवारी मॅडमनी तिला बाजूला घेतलं. बारा शहरं, बारा शिबिरं. फक्त सगळीकडे कार्यक्रम एकसारखा, मिनिटाला मिनिट बांधलेला हवा.

आठवड्यापूर्वी ती आनंदाने उडालीच असती. आता तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला नाही जमणार. मला एकच शिबिर नीट करायचंय. इथेच. परत परत."

मॅडमनी वही मिटली. "कंपनीला हे कळवते," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "पुढच्या शिबिरात मला एक जागा ठेवा. माझी स्वतःची. वही आणणार नाही."

रविवारी सकाळी बस आली. पाहुण्यांच्या बॅगा चढल्या, मिठ्या झाल्या, काकांनी गुडघा वाकवून दाखवला. आत्याला सगळं कालच सांगून झालं होतं: ती महिनाभर इथेच राहणार, पुढच्या शिबिराची तयारी करणार. आत्या नुसती "बरं" म्हणाली होती. इतक्या पटकन ती कधी कशाला बरं म्हणत नसे, पण तेव्हा तिच्या ते लक्षात आलं नाही.

आता त्यालाच सांगायचं राहिलं होतं. ती शेडकडे जवळजवळ पळतच गेली.

शेडला कुलूप होतं.

आतली फळ्यांची रांग फटीतून दिसत होती, हत्यारांची पेटी मात्र जागेवर नव्हती. बाहेर वाळत घातलेला शर्टही नव्हता. निरोपसुद्धा न घेता? सवय लावून घेतलीय म्हणे! डोळे पुसत ती बसकडे परतली, निदान आत्याला तरी नीट निरोप द्यावा म्हणून.

बसच्या तिसऱ्या खिडकीत आत्या बसली होती. आणि आत्याच्या शेजारी, मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून... तो.

"तुम्ही इथे काय करताय?" ती पायरीवरूनच ओरडली.

तो धडपडत उभा राहिला, डोकं वरच्या फळीला आपटलं. "मी... आत्या म्हणाल्या, तुमच्या घरची तीन कपाटं मोडलीत. म्हटलं, यावं. कपाटं करावीत. आणि मग..." पूर्ण बस कान देऊन ऐकत होती. त्याने एक मोठा श्वास घेतला. "कपाटांचं निमित्त आहे. मला तुम्ही जिथे असाल तिथे असायचंय. थांबा म्हणायला जमलं नाही, म्हणून मीच निघालो."

"पण मी थांबलेय!"

"काय?"

"महिनाभर! माझी बॅग खोलीतच आहे! मी शेडवर तेच सांगायला गेले तर कुलूप!"

दोघांनी एकाच वेळी आत्याकडे पाहिलं. आत्या खिडकीबाहेर समुद्र बघत होती, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता.

"आत्या, तुला दोन्ही माहीत होतं!"

"मग? मी सांगितलं असतं तर तुम्ही बोलला असता का? आठवडाभर नुसत्या लाटा मोजताय." आत्याने पेटी उचलून त्याच्या हातात कोंबली. "उतर बाबा आता. कपाटं दिवाणखान्यातून पळून जात नाहीत."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. तो उतरला; शेवटची पायरी चुकली आणि तो पेटीसकट थेट तिच्या अंगावर आला. तिने त्याला सावरलं. बसमधून टाळ्या पडल्या, बाईंनी तर शिट्टी मारली. चाळीस वर्षं मुलांना ज्यासाठी वर्गाबाहेर काढलं तीच शिट्टी.

बस वळणाआड गेली. रस्त्यावर दोघं, एक पेटी आणि समुद्राचा आवाज.

"तुम्ही खरंच..." त्याने सुरुवात केली.

"तू," ती म्हणाली. "तू म्हण."

त्याने ते एकदा मनातल्या मनात म्हणून बघितलं असावं, कारण ओठ हलले आणि कान लाल झाले. मग त्याने पेटी खाली ठेवली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला,

"तू थांबलीस."

"आणि तू निघालास," ती हसत म्हणाली. "चल, चहा टाकते. आज मला कुठेही वेळेवर पोहोचायचं नाहीये."